फाइल पोचली; माणसे पोचली काय?



कामगार संघटनेचे काम करणारा मनुष्य व्यासपीठावर उभा राहिला की तो बोनस, महागाईभत्ता किंवा संप यांविषयी बोलणार, असे लोक गृहीत धरतात. आज आम्ही त्यांपैकी कशाविषयीही बोलणार नाही. हजार-दोन हजार नावांची यादी एका फाइलमध्ये भरून ती संकेतस्थळावरून डेटाबेसमध्ये घातली म्हणजे वाटेत काय होते, काय बिघडते, आणि बिघाड शोधावा कसा, हा आमचा आजचा विषय आहे. विषय रुक्ष आहे, हे मान्य. परंतु तो आमच्याकडे पुस्तकातून आला नाही. दारातून चालत आला. तो कसा आला, ते आधी सांगितले पाहिजे.

आमच्या संघटनेचा सभासदांसाठी एक साहाय्यता निधी आहे. सभासद मृत्यू पावला, तर त्याने नेमलेल्या वारसास त्यातून ठरीव रक्कम द्यायची. पूर्वी हे सारे जाड पुठ्ठ्याच्या वहीवर चाले. पुढे आम्ही वही सोडली आणि सभासदांची नोंद संगणकावर घेतली. खातेवार याद्या टंकून घेतल्या, त्यांची एक फाइल केली, कार्यालयातील तरुण कार्यकर्त्याने ती संकेतस्थळावर चढवली, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘फाइल यशस्वीरीत्या स्वीकारली’ असे उमटले. त्या दिवशी आम्ही पेढे वाटले नाहीत इतकेच. वही मात्र कपाटात बंद केली.

वर्षभराने एक बाई कार्यालयात आल्या. नवरा अकस्मात गेला होता. कार्यकर्त्याने संगणकावर नाव शोधले, ते नव्हते. आडनावाने शोधले, खात्याने शोधले, नव्हते. तेव्हा तो जपून म्हणाला, “वहिनी, ते आपले सभासद नसावेत.” बाईंनी पिशवीतून वर्गणीच्या पावत्यांचा जुडगा काढून मेजावर ठेवला आणि आमच्याकडे वळून त्या म्हणाल्या, “दादा, ह्या पावत्यांवर सही तर तुमचीच आहे.”

सही आमचीच होती. यंत्राची चूक असे म्हणून मोकळे होण्याचा मोह अशा वेळी फार होतो. परंतु यंत्राने काय केले हे समजून घेतल्यावाचून त्याला दोष देणे, हे चौकशीवाचून कामगाराला काढून टाकण्यासारखेच झाले. म्हणून आम्ही चौकशी मांडली, आणि तीत जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवीत आहोत.

रोजकीर्द आणि खतावणी

डेटाबेस म्हणजे काय? व्यापाऱ्याच्या पेढीवर दोन वह्या असतात. दिवसभराचा व्यवहार जसा घडला तसा रोजकीर्दीत उतरतो, आणि तेथून तो ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत जातो. डेटाबेस ही खतावणी आहे. १९७० साली आयबीएम कंपनीतील गणितज्ञ ई. एफ. कॉड यांनी सारी माहिती आडव्या ओळी आणि उभे रकाने असलेल्या तक्त्यांत मांडण्याची पद्धत सुचवली. आजचे बहुसंख्य डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. सभासदांचा एक तक्ता, खात्यांचा दुसरा, वर्गणीचा तिसरा. आणि क्रमांकांनी हे तक्ते एकमेकांशी बांधलेले.

संकेतस्थळावरील फॉर्ममधून एकेक नाव भरले, तर दरवेळी तपासणी होते. जन्मतारीख चुकली की तेथल्या तेथे सांगितले जाते. गिरणीच्या फाटकावर एकेक कामगार टोकन दाखवून आत यावा, तसे हे आहे. परंतु हजार नावे एकेक करून भरायला महिना लागेल, म्हणून सबंध यादीच फाइल करून एकदम आत सोडतात. फाटक सताड उघडून पाळीच्या पाळी आत घेण्याचाच हा प्रकार. वेळ वाचतो, पण कोण बाहेर राहिले हे पहारेकऱ्यालाही कळत नाही. तपासणी मागाहून तरी झालीच पाहिजे. ती न करणे हा आमचा पहिला अपराध.

या वाटेवर पाच दारे लागतात. बिघाड कोणत्या दारात झाला हे ओळखले की निम्मे काम झाले.

पाच दारे

पहिले दार आकाराचे आणि वेळेचे. आपल्या संगणकावरून सर्व्हरवर किती मोठी फाइल घ्यायची, याची मर्यादा तेथे घातलेली असते. पीएचपी नावाच्या प्रचलित भाषेत ती मुळात २ मेगाबाइट असते. एन्जिनएक्स या सर्व्हरमध्ये मुळात १ मेगाबाइट. ज्याने संकेतस्थळ उभारले त्याने ती वाढवली नाही, तर मोठी यादी उंबरठ्यावरूनच परत येते. पडद्यावर ४१३ हा आकडा आला, तर ‘फाइल फार मोठी आहे’ असा त्याचा अर्थ. ५०४ आला, तर पुढचा सर्व्हर मागच्याची वाट पाहून थकला. हा दुसरा आकडा फसवा आहे. पुढचा थकला तरी मागचा काम करीत असू शकतो. अशा वेळी उतावळेपणाने पुन्हा बटण दाबले की तीच यादी दोनदा आत जाते आणि एका माणसाची दोन माणसे होतात. म्हणून ५०४ दिसल्यावर आधी आत किती नावे गेली ती मोजावीत, मगच बटणाला हात लावावा.

दुसरे दार जागेचे. संकेतस्थळ एका यंत्रावर असते आणि डेटाबेस पुष्कळदा दुसऱ्या यंत्रावर. पोस्टग्रेस या डेटाबेसला ‘कॉपी’ या आज्ञेने अमुक फाइल वाच म्हणून सांगितले, की ती फाइल तो स्वतःच्या यंत्रावर शोधतो. आपण म्हणतो, फाइल येथे माझ्यासमोर आहे. तो म्हणतो, येथे अशी फाइलच नाही. दोघेही खरे बोलत असतात. मायएस्क्यूएलमध्ये ‘लोड डेटा’ या आज्ञेपुढे ‘लोकल’ हा एक शब्द असणे किंवा नसणे, यावर फाइल कोणाच्या घरात शोधायची ते ठरते. फाइल योग्य जागी असली तरी ती वाचण्याची परवानगी डेटाबेसला असावी लागते. ‘फाइल सापडत नाही’ आणि ‘परवानगी नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत. ती एकच समजून पुष्कळ दिवस फुकट जातात.

तिसरे दार ओळी आणि रकाने पाडण्याचे. याद्यांची सर्वांत प्रचलित फाइल म्हणजे सीएसव्ही. तीत एका माणसाची एक ओळ, आणि दोन रकान्यांमध्ये स्वल्पविराम. आता आपण रक्कम १२,५०० अशी लिहिली, की यंत्राच्या लेखी ते दोन रकाने झाले, बारा आणि पाचशे; आणि पुढचे सारे रकाने एक घर उजवीकडे सरकले. पत्त्यात तर स्वल्पविराम असतोच. त्यावर तोड अशी की, असा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवावा. त्या दोन चिन्हांमधले सारे एकच रकाना समजले जाते. उपाय चांगला आहे; पण उघडलेले चिन्ह मिटले पाहिजे. हे वाक्य श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

चौथे दार लिपीचे, आणि मराठी माणसाला ते विशेष अडते. यंत्र अक्षर साठवीत नाही, आकडे साठविते. कोणत्या अक्षराला कोणते आकडे, हा करार लिहिणाऱ्याचा आणि वाचणाऱ्याचा एकच असावा लागतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या करारात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. वाचणाऱ्याने दुसरा करार धरला, तर ‘सखाराम’ या नावाच्या जागी टोप्या-टिंबे चढलेल्या रोमन अक्षरांची एक विचित्र माळ दिसते. ती दिसली तर घाबरू नये. आतले आकडे बहुधा शाबूत असतात, करार दुरुस्त केला की नाव परत येते. परंतु नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे साठवली गेली असतील, तर मूळ अक्षर तेथे पुसले गेले. ते मूळ फाइलमधूनच पुन्हा आणावे लागते. युनिकोडपूर्वीच्या जुन्या मराठी फाँटांत टंकलेल्या याद्या ही आणखी एक गोम. त्या पडद्यावर मराठी दिसतात, पण त्यांच्या पोटात रोमन अक्षरेच असतात. त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याच पाहिजेत. काही कार्यक्रम यूटीएफ-८ फाइलच्या अगदी आरंभी तीन अदृश्य बाइट ठेवतात, तेही सांगून ठेवतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटतात, आणि यंत्र म्हणते, ‘क्रमांक’ या नावाचा रकानाच नाही. आपण पाहतो, तर तो समोर असतो!

पाचवे दार तक्त्याच्या स्वतःच्या नियमांचे. एका क्रमांकाचे दोन सभासद चालत नाहीत. जे खाते खात्यांच्या तक्त्यात नाही, त्याचा सभासद घेता येत नाही. म्हणून आधी खात्यांची यादी आत घालावी, मग सभासदांची. तारखेच्या रकान्यात तारीखच लागते. ०५/०६/२०१९ म्हणजे आमच्या लेखी ५ जून, अमेरिकी रीतीने ६ मे. येथे एक गंमत पाहा. महिन्याच्या १३ तारखेपासून पुढच्या तारखा उलट वाचल्या की तेरावा महिनाच नसल्यामुळे त्या नाकारल्या जातात, आणि म्हणून चूक उघडकीस येते. १२ पर्यंतच्या तारखा मात्र मुकाट्याने उलटून आत बसतात. जी चूक ओरडते ती आपली मित्र. जी मुकी असते ती वैरीण. यावर उपाय सोपा आहे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, २०१९-०६-०५, असे लिहावे.

दारापर्यंत येण्याआधीच

ही झाली वाटेवरची दारे. पुष्कळदा घात घरातच होतो. यादी एक्सेलसारख्या तक्त्यांच्या कार्यक्रमात उघडली, की तो कार्यक्रम आपणहून शहाणपणा करू लागतो. बँकेच्या खात्याचा क्रमांक ००४५६ असेल, तर तो म्हणतो ही संख्या आहे, पुढची शून्ये निरर्थक. आणि ४५६ ठेवतो. बारा अंकी क्रमांक दिसला, तर तो थोडक्यात दाखवण्यासाठी ‘अमुक गुणिले दहाचा अकरावा घात’ अशा रूपात मांडतो, आणि फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली तर तेच रूप फाइलमध्ये उतरते. पंधरांहून अधिक अंक असले, तर पंधराव्यानंतरचे अंक तो शून्य करून टाकतो. क्रमांक हा मोजण्याचा आकडा नव्हे. ते माणसाचे नाव आहे, आणि नावातले शून्य निरर्थक नसते.

ही तक्रार केवळ आमच्यासारख्या अडाण्यांची आहे असे समजू नका. माणसाच्या जनुकांपैकी काहींची लघुनावे ‘मार्च-१’, ‘सेप्ट-१’ अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करी, आणि शास्त्रज्ञांच्या प्रसिद्ध झालेल्या तक्त्यांतही जनुकांच्या जागी तारखा सापडत. अखेर २०२० साली जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने नवे नियम काढले, आणि त्या जनुकांचीच नावे बदलण्यात आली. विज्ञानाने हार खाल्ली आणि तक्त्याच्या कार्यक्रमाने तेव्हा जागा सोडली नाही. तात्पर्य, फाइल तपासायची तर ती नोटपॅडसारख्या साध्या मजकुराच्या कार्यक्रमात उघडून पाहावी. आणि एक्सेलमध्ये घेणेच भाग असेल, तर क्रमांकांचे रकाने आधी ‘मजकूर’ म्हणून ठरवून मग आत घ्यावेत.

इंग्लंडमधील आठ दिवस

याच वर्षाची दुसरी हकीकत अधिक गंभीर आहे. करोनाच्या साथीत इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याकडे प्रयोगशाळांकडून बाधितांच्या याद्या फाइलींच्या रूपाने येत. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठ दिवसांतील १५,८४१ बाधितांची नोंद मोजणीत आलीच नाही. फाइलच्या आकाराच्या मर्यादेमुळे हे घडले, असे पुढे सांगण्यात आले. वृत्तपत्रांतून जो तपशील बाहेर आला तो असा: याद्या जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलमध्ये ओतल्या जात होत्या, त्या पद्धतीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. एकेका रुग्णास अनेक ओळी लागत. ओळी भरल्या आणि पुढचे लोक गळले. कोणी ओरडले नाही.

त्या रुग्णांना आपला स्वतःचा निकाल कळला होता. परंतु त्यांच्या सहवासात आलेल्यांना सावध करण्याचे काम ज्या यादीवरून चालायचे, त्या यादीत ते नव्हते. ते दिवस वाया गेले, आणि साथीत एकेक दिवस म्हणजे काय, हे आपण सर्वांनी भोगलेले आहे. विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, येथे यंत्र मोडले नव्हते. त्याने आपली मर्यादा पाळली. प्रयोगशाळेने किती पाठविले आणि खात्यात किती उतरले, हे दोन आकडे रोजच्या रोज शेजारी शेजारी मांडले असते, तर चूक पहिल्याच संध्याकाळी सापडली असती.

सगळे किंवा कोणीच नाही

आता तत्त्वाचा एक प्रश्न. हजारांच्या यादीत दहा ओळी सदोष असतील, तर यंत्राने काय करावे? याच्या दोन रीती आहेत. एक म्हणते, एकही ओळ चुकली तरी सबंध यादी परत. आत काहीच जाणार नाही. दुसरी म्हणते, चांगल्या ओळी घ्या, वाईट सोडून द्या. पोस्टग्रेसची ‘कॉपी’ मुळात पहिल्या रीतीची. सदोष ओळ वगळून पुढे जाण्याची सोय तीत २०२४ मधील सतराव्या आवृत्तीपासून आली. मायएस्क्यूएलची ‘लोड डेटा’ आज्ञा ‘लोकल’सह दिली, तर ती दुसऱ्या रीतीने चालते: पुष्कळ चुकांना ती केवळ ‘सूचना’ मानते आणि पुढे जाते.

कार्यालयांना दुसरी रीत आवडते, कारण काम झाल्यासारखे दिसते. आम्हांला संपाच्या अनुभवावरून पहिली बरी वाटते. दहा जणांना बाहेर ठेवून नऊशे नव्वद कामावर गेले, की त्या दहांचा प्रश्न कधीच सुटत नाही. सगळेच अडले तर दहांचा दोष दूर करण्याची घाई सर्वांना होते. अर्थात दर तासाला लाखो ओळी येतात तेथे हा हट्ट चालणार नाही. तेथे दुसरी रीत घ्यावी, परंतु एका अटीवर: ज्या ओळी नाकारल्या त्यांची कारणांसह वेगळी यादी मिळालीच पाहिजे, आणि ती पाहण्याची जबाबदारी एका नावाच्या माणसावर असली पाहिजे. मधला शहाणा मार्गही आहे. फाइल थेट खतावणीत न घालता आधी एका कच्च्या तक्त्यात उतरवावी, तेथे तपासावी, आणि मग पक्क्या तक्त्यात न्यावी. रोजकीर्दीचे काम दुसरे काय असते?

आमची चौकशी

एवढे समजल्यावर आम्ही जुनी वही कपाटातून काढली. वहीत सभासद १,२४०. संगणकात १,२०२. म्हणजे ३८ माणसे हरवली होती. एक जण वहीतून नाव वाची, दुसरा पडद्यावर पाहून खूण करी. असा एक सबंध रविवार गेला. संध्याकाळी दिसले ते असे की, हरवलेले ३८ जण विखुरलेले नव्हते. ते सलग होते: क्रमांक ६१२ पासून ६४९ पर्यंत.

गळती कशी आहे, यावरून तिचे कारण ओळखता येते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. शेवटचे लोक गळले असतील, तर कोठे तरी आकाराची किंवा वेळेची मर्यादा लागली. इंग्लंडात हेच झाले. विखुरलेले गळले असतील, तर त्या सर्वांत समान काय ते पाहावे: सर्वांचे खाते एकच, सर्वांच्या तारखा १३ नंतरच्या, सर्वांच्या नावात एकच जोडाक्षर. मधले सलग गळले असतील, तर कारण एकच असते आणि ते गळतीच्या लगेच आधीच्या ओळीत दडलेले असते.

आम्ही ६११ वी ओळ काढली. पत्त्याच्या रकान्यात टंकणाऱ्याने इमारतीच्या विंगचे नाव लिहिताना आरंभी दुहेरी अवतरणचिन्ह दिले होते. ते मिटवायचे राहून गेले. यंत्राच्या लेखी पत्ता संपलाच नाही. पुढच्या ओळी, पुढची माणसे, सारे ते पत्ता म्हणून वाचीत सुटले. अखेर ६४९ व्या सभासदाच्या पत्त्यात दुसऱ्या एका कारणाने ते चिन्ह आले, तेथे त्याने पत्ता मिटला असे मानले, आणि ६५० पासून सर्व सुरळीत झाले. अडतीस माणसे ६११ व्या सभासदाच्या पत्त्यात गाडली गेली. पत्त्याचा रकाना दोनशे अक्षरांचा. उरलेला मजकूर कापून टाकला गेला. त्याबद्दलची एक सूचना सर्व्हरच्या आतल्या नोंदीत लिहिली गेली होती. यंत्राने सांगितले होते. कोणी वाचले नव्हते.

आणि याहून वाईट गोष्ट पुढे आहे. पत्त्यानंतरचा रकाना वारसाचा. पत्ता ६४९ व्या ओळीत मिटल्यामुळे, त्या ओळीतला वारस ६११ व्या सभासदाच्या नावापुढे जाऊन बसला. हा सभासद यादीत होता, हयात होता, आणि त्याची रक्कम परक्याच्या घरी जाण्याची व्यवस्था आमच्या हातून झाली होती. जे हरवले ते निदान शोधले जाते. जे चुकीच्या जागी बसले ते सापडायला माणूस मरावा लागतो.

तपासाची रीत

यावरून आम्ही जी रीत बसवली ती थोडक्यात सांगतो. मूळ फाइलला हात लावायचा नाही. दुरुस्ती करायची ती प्रतीवर. सबंध यादीच्या आधी पाच ओळींची फाइल पाठवून पाहायची. त्या पाचांत एक लांब पत्ता, एक शून्याने सुरू होणारा क्रमांक, एक अवघड जोडाक्षराचे नाव आणि एक १३ नंतरची तारीख मुद्दाम घालायची. चुकांची माळ दिसली तर वरून पहिली चूक वाचायची. खालच्या बहुतेक तिचीच लेकरे असतात. कोणती ओळ बाधते ते कळत नसेल, तर फाइलचे दोन भाग करावेत, जो अडतो त्याचे पुन्हा दोन करावेत. हजार ओळींतून एक ओळ शोधायला अशा दहा वाटण्या पुरतात.

शेवटी ताळा. तोही तिहेरी. किती ओळी पाठवल्या, किती घेतल्या, किती नाकारल्या. मागच्या दोहोंची बेरीज पहिलीइतकी झाली पाहिजे. परंतु संख्या जुळणे पुरेसे नाही. अडतीस गळाले आणि दुसरे अडतीस दोनदा बसले तरी संख्या जुळते. म्हणून सभासद क्रमांकांची किंवा रकमांची तेरीज फाइलमध्ये आणि डेटाबेसमध्ये वेगवेगळी काढून पाहावी. आणि तिसरे, पहिला, शेवटचा आणि मधले पाच-दहा जण काढून त्यांची सबंध ओळ, शेवटच्या रकान्यापर्यंत, डोळ्यांनी वाचावी. आमची वारसाची चूक या तिसऱ्या ताळ्याने सापडण्याचा संभव होता. पहिल्या दोहोंपैकी पहिल्याने अडतीस माणसे तर पहिल्याच दिवशी सापडली असती.

आपण म्हणाल, हे कार्यालयवाल्यांना सांगा. आम्हांला याचे काय? श्रोतेहो, आपण सर्व जण कोणत्या ना कोणत्या फाइलमधली एक ओळ आहोत. भविष्यनिर्वाह निधीचेच घ्या. ही व्यवस्था १९५२ च्या कायद्याने सुरू झाली. २०१२ साली मालकाने दरमहा कामगारांची यादी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये भरून संकेतस्थळावर चढवण्याची पद्धत आली, आणि २०१४ पासून प्रत्येक सभासदास बारा अंकी क्रमांक मिळू लागला. त्या फाइलीत रकाने वेगळे करण्यासाठी स्वल्पविराम नाही. हॅश, टिल्ड आणि पुन्हा हॅश अशी तीन चिन्हांची खूण आहे. कोणाच्या नावात वा पत्त्यात अशी खूण येत नाही, हा तिचा गुण. तरी पगार किती लिहिला, दिवस किती लिहिले, क्रमांक कोणाचा लिहिला, ही जबाबदारी फाइल करणाऱ्या माणसाचीच राहते. संकेतस्थळाने फाइल घेतली म्हणजे आपली वर्गणी आपल्या खात्यावर पडली, असे नव्हे. ते पाहायला पासबुक आहे, आणि आज ते ज्याचे त्याला स्वतः पाहता येते. वर्षातून एकदा तरी पाहावे. शिष्यवृत्ती असो, शिधापत्रिका असो, पीकविमा असो. ‘यादी गेली’ असे कोणी म्हणाले, की ‘किती गेली, किती उतरली, आणि नाकारलेल्यांची यादी कोठे आहे?’ असे तीन प्रश्न विचारण्याचा आपणांस हक्क आहे. उत्तर देणारा चिडला, तर ताळा झालेला नाही असे खुशाल समजावे.

त्या बाईंचा नवरा ६३३ क्रमांकाचा सभासद होता. त्यांची रक्कम त्यांना मिळाली, उशिरा मिळाली. उरलेल्या सदतीस जणांच्या घरी आम्ही स्वतः गेलो, आणि ६११ व्या सभासदाच्या घरीही. त्याला झाला प्रकार सांगितला, तेव्हा तो हसला; आम्हांला हसू आले नाही.

आता आमच्या कार्यालयात यादी चढवली की हिरव्या अक्षरांवर कोणी विश्वास ठेवीत नाही. ताळ्याचा कागद होतो, त्यावर तीन आकडे लिहिले जातात, आणि खाली सही होते. सही करण्याची सवय आम्हांला जुनीच आहे. फरक इतकाच की, आता ती मोजल्यावाचून होत नाही.